फिंटनकाकांचा सत्कार

माझ्या मुलीला, इराला, कॉलेज दाखवायला प्लेनोहून स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले, आणि पहिल्याच सकाळी तिथल्या विद्यापीठाने आम्हा आईबापांना मुलांपासून वेगळं काढलं. मुलं एका वाटेने, पालक दुसऱ्या वाटेने. पालकांना दोन तास सभागृहात बसवून हॉस्टेल, जेवण आणि पार्किंग यांची माहिती देणार होते. मी मागच्या दाराने सटकले. या गावात मी साडेपाच वर्षं काढली आहेत. इथे पार्किंग कुठे मिळत नाही, हे मला कोणी शिकवायला नको.

पाय आपोआप चढाच्या रस्त्याला लागले. एप्रिलची थंडी, कुंपणांना पिवळ्या फुलांची झुडपं, नुकत्याच कापलेल्या ओल्या गवताचा वास. तेव्हा बस चुकली की हा चढ मी पुस्तकांसकट धावत चढायचे. आता दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तिथेच ते घर होतं. व्हरांडा पूर्वी हिरवा होता, आता राखाडी आहे. वरच्या मजल्यावरची आमची खिडकी मात्र तशीच, एका बाजूला किंचित कललेली.

वर आम्ही दोघी राहायचो, मी नागपूरची आणि रेवती पुण्याची. त्यामुळे पोह्यांवर तर्री घालायची की नाही, यावर दर रविवारी भांडण ठरलेलं. खाली आमचे घरमालक राहायचे, फिंटन नावाचे. वय तेव्हा सत्तरीचं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यात जन्मले आणि पन्नास वर्षं लोकांना हसवून, गाणी म्हणून जगले. सत्तरीच्या माणसाला नुसतं नावाने हाक मारायला आमची जीभ रेटेना, म्हणून रेवतीने पहिल्याच आठवड्यात त्यांचे फिंटनकाका करून टाकले. त्यांनी अर्थ विचारला. वडिलांचा भाऊ, असं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुमच्या आजीने मला कधी सांगितलं कसं नाही?"

सकाळी सात वाजता खालून चहाचा वास वर यायचा. किटलीला लोकरीची टोपी घालून ते चहा इतका मुरवायचे की तो काळा पडायचा. त्यामागून ताकात पीठ भिजवून केलेल्या ब्राउन ब्रेडचा आंबूस, भाजका वास. त्या ब्रेडवर लोणी, आणि लोण्यावर माझ्या आईने पाठवलेली जवसाची चटणी. ही जोडी त्यांनीच शोधून काढली, आणि चटणी संपत आली की माझ्याकडे माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी सुरू व्हायची.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मातीचा एक काळपट, हलका तुकडा असायचा. दलदलीतून कापून वाळवलेली माती, त्यांच्या गावाकडचं जळण. वर्षातून एकदा, कॅथलीनच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या वाढदिवसाला, ते त्यातला चिमूटभर भाग जुन्या बशीत पेटवायचे. धूर जिन्यावरून वर यायचा आणि मला एकदम उमरेड आठवायचं. मावशीकडे पहाटे बंबात गोवऱ्या पेटायच्या, तो वास. पहिल्या वर्षी मी जिन्यातच बसून रडले. फिंटनकाकांनी बशी उचलून माझ्या शेजारी पायरीवर ठेवली आणि स्वतःही बसले. मला वाटतं, त्या दिवसापासून ते घर मला माझं वाटू लागलं.

आणि शनिवारचा बूट-पॉलिशचा वास. त्यांचे शो बहुतेक शनिवारी असायचे, त्यामुळे शनिवारी अकरा वाजता बूट पॉलिश करायचे हा नियम. शो थांबले तरी नियम चालू होता. मागच्या पायरीवर वर्तमानपत्र पसरून ते बसायचे. मी माझी कपडे धुवायची बादली घेऊन तिथे रेंगाळायचे, कारण हातात ब्रश आला की त्यांच्या तोंडून आयुष्य बाहेर पडायचं.

ते क्रमाने कधी आलं नाही. एखाद्या शनिवारी ते नऊ वर्षांचे असायचे. त्यांच्या आजोबांचं पार्थिव घरात ठेवलेलं, सगळा गाव जमलेला, आणि हे एका म्हाताऱ्या आत्याच्या रडण्याची नक्कल करतायत. आईची थप्पड आणि खोलीतलं हसू एकाच क्षणी मिळालं, आणि थप्पड लागलीच नाही, असं म्हणायचे. पुढच्या शनिवारी ते एकोणीस वर्षांचे, एका बँडमधले गायक. ॲम्प्लिफायर जळाला आणि तो दुरुस्त होईपर्यंत लोक जाऊ नयेत म्हणून यांना पुढे ढकललं. चाळीस मिनिटं ते नुसते बोलले. ॲम्प्लिफायर सुरू झाल्यावर लोक ओरडले, तो बंद करा. मग अमेरिका. न्यूयॉर्क, बॉस्टन, स्क्रँटन, पिट्सबर्गमधले आयरिश क्लब, चर्चचे तळघरातले हॉल, लग्नं, एकदा टीव्हीवर चार मिनिटं, एक रेकॉर्ड. तिच्या कव्हरवर एजंटाने बळेच घालायला लावलेला हिरवा कोट होता, तो त्यांना आवडायचा नाही. दारुड्या आयरिश माणसाचे विनोदही एजंटाला हवे होते. ते त्यांनी शेवटपर्यंत केले नाहीत. का, हे मी विचारलं नाही.

हॉलमध्ये शिरलं की ते आधी मधोमध उभे राहून एक टाळी वाजवायचे आणि ती किती वेळ टिकते ते ऐकायचे. त्यावरून विनोदानंतर किती थांबायचं ते ठरायचं. कॅथलीन कधी पहिल्या रांगेत बसली नाही. ती मागे, दाराजवळ बसायची. तिचं हसू ऐकू आलं की शेवटची रांग आपली झाली, हे त्यांना कळायचं. ती इथल्या विद्यापीठात लायब्ररियन होती, म्हणून हा फिरस्ता माणूस या गावात मुक्कामाला आला.

ती गेली, आणि त्यानंतर तीन वर्षं ते स्टेजवर चढले नाहीत. आधी फोन यायचे, ते नको म्हणायचे. मग फोन येणं थांबलं. त्यांची मुलगी मॉरा फिनिक्सला राहायची. ती म्हणायची, घर विका आणि इकडे या, माझ्या घराजवळ वृद्धांसाठी चांगली वसाहत आहे. त्यांना जायचं नव्हतं, पण इथे राहायला कारणही उरत नव्हतं.

आमचं मराठी मंडळ म्हणजे विद्यार्थी आणि प्राध्यापकांची पाच-सहा कुटुंबं, शिवाय दिवाळीला दोन-दोन तास ड्राइव्ह करून येणारे लोक. त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर आली. मी फिंटनकाकांना विचारलं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"आपण संपलो की नाही, हे विनोदी माणसाला घरी बसून कळत नाही," ते म्हणाले. "हॉलमध्ये कळतं. म्हणून तर मी घरी बसतो."

मी सोडणारी नव्हते. आठ दिवस मागे लागले. शेवटी म्हणाले, "वीस मिनिटं. लोक हसले तर बघू. नाही हसले तर मॉराला फोन करतो, ये आणि मला घेऊन जा." हे त्यांनी हसत सांगितलं, पण मॉराने पाठवलेली त्या वसाहतीची माहितीपत्रकं टेबलावर उघडी पडलेली मी पाहिली होती. मग त्यांनी एक अट घातली. "माझी ओळख करून देऊ नका. फक्त नाव घ्या आणि बाजूला व्हा."

आता इथे मी जी चूक केली ती फक्त आपलाच माणूस करू शकतो. आपल्याकडे ज्याचा सत्कार करायचा तो माणूस आधी नको नको म्हणतोच. "अहो, कशाला, मी काय एवढं मोठं केलंय," असं म्हणणं ही पद्धतच आहे. त्यावर विश्वास ठेवून कोणी खरंच सत्कार रद्द केला, तर तो माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. मी मनात म्हटलं, किती विनयशील आहेत काका. आणि घरी बसून त्यांच्या ओळखीची चार पानं लिहिली. खेडं, बँड, अटलांटिक, पन्नास वर्षांची कलासाधना. 'कलासाधना' हा शब्द मी स्वतः घातला होता.

कार्यक्रम दुपारी चारला, एका शाळेच्या हॉलमध्ये. दारात रांगोळी, उदबत्ती, शेजारच्या खोलीत पुऱ्या तळल्याचा वास. फिंटनकाका तासभर आधी आले, मधोमध उभे राहून टाळी वाजवली आणि मान हलवली. हॉल पसंत पडला. मग पडद्याआड एका खुर्चीत बसून राहिले. त्यांचे ओठ हलत होते. पन्नास वर्षं स्टेजवर काढलेला तो माणूस शाळकरी मुलासारखा किस्से घोकत होता.

मंडळाचे अध्यक्ष चौधरीकाका, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक, भला माणूस, पण माइक हातात आला की त्यांचं घड्याळ बंद पडतं. माझी चार पानं त्यांनी वाचली आणि वर स्वतःची भर घातली. "आज या ठिकाणी," पासून सुरुवात. आयर्लंडचं स्वातंत्र्य, आपलं स्वातंत्र्य, कलेला सीमा नसतात. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. दोन लहान मुली स्टेजवर येऊन फिंटनकाकांच्या पाया पडल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी भरून पावले होते. त्या गर्दीत मला त्यांचा चेहरा दिसला, आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं, काहीतरी बिनसलं.

ते माइकपाशी आले. अंगावर शाल, हातात नारळ. पहिला किस्सा सांगितला. त्यांच्या गावात एकच टेलिफोन होता, पोस्टात. अमेरिकेतल्या भावाचा फोन येणार म्हटलं की आत्या केस विंचरून, रविवारचा चांगला कोट घालून निघायची. घरचे म्हणायचे, अगं, तुला कोण बघणारेय? ती म्हणायची, त्याला आवाजावरून कळतं, मी कोट घातलाय की स्वयंपाकाचा एप्रन.

हॉल गप्प. लोक आदराने माना डोलवत होते. माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "बिचारी. किती साधी माणसं असतील नाही?"

दुसरा किस्सा, तिसरा किस्सा. प्रत्येकानंतर मोजक्या टाळ्या, कीर्तनाला बसल्यासारखे गंभीर चेहरे. आपल्या मुली नुकत्याच ज्याच्या पाया पडल्या, त्या माणसाला बाप कसा हसणार? नुकती शाल पांघरलेल्या ज्येष्ठ कलासाधकाला हसणं म्हणजे त्यांचा अपमान, असं त्या भल्या लोकांना वाटत होतं, आणि हे त्यांच्या डोक्यात मीच भरलं होतं. रेवती माझ्या कानाशी म्हणाली, "यार, काहीतरी कर ना." मी काय करणार? फिंटनकाकांची मान लाल झाली होती. त्यांनी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, जिथे कॅथलीन बसायची. तिथे कोणी नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता हे घर सुटणार, आणि ते मी घडवून आणलं.

ते थोडं पाणी प्यायले. नारळ टेबलावर ठेवला. मग त्यांनी शाल दोन्ही खांद्यांवर नीट सारखी केली, घसा खाकरला, माइकवर तीनदा टकटक केलं, खिशांत कागद शोधला, चष्मा शोधला, तो डोक्यावर सापडला. आणि भाषण सुरू केलं.

एकही शब्द मराठी नव्हता. शब्द कुठल्याच भाषेतले नव्हते. पण चाल चौधरीकाकांची होती, आणि चौधरीकाकांची कसली, आपल्या प्रत्येक सत्काराची, प्रत्येक बक्षीससमारंभाची. तो संथ चढ, ते शेवटी खाली येणं, टाळीसाठी ती वाट बघणं. व्यासपीठाकडे वळून अर्धा नमस्कार. मग घड्याळाकडे पाहून दोन बोटं वर, म्हणजे फक्त दोनच मिनिटं, आणि नव्या दमाने पुन्हा सुरू. चौधरीकाकांचं भाषण त्यांनी त्या दिवशी एकदाच ऐकलं होतं, आणि त्यातलं काही कळलं नव्हतं. सूर तेवढा कान देऊन ऐकला होता.

पहिल्यांदा चौधरीकाकू फुटल्या. तीस वर्षं साठलेलं हसू असावं. तोंडाला पदर लावला, तो पुरेना, मग सोडूनच दिला. तिसऱ्या रांगेतून ते हसू मागे गेलं, विद्यार्थ्यांत गेलं, पुऱ्या तळणारे दोघे झारा घेऊन दारात आले. सगळ्यात शेवटी चौधरीकाका स्वतः, डोळे पुसत, "अरे, हा तर मीच," म्हणत हसले. फिंटनकाकांनी शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली.

आणि मग त्यांनी तो आत्याचा किस्सा पहिल्यापासून पुन्हा सांगितला. शब्द तेच, थांबणं तेच. या वेळी हॉल कोसळला. प्रत्येकाची आई भारतात फोनवर बोलायला साडी बदलून बसत होती, आणि ते सगळ्यांना एकदमच आठवलं. वीस मिनिटांचा कार्यक्रम पाऊण तास चालला. शेवटी ते म्हणाले, "आता तुम्ही गप्प बसायला हरकत नाही," आणि त्यांच्या आईचं एक आयरिश भाषेतलं गाणं म्हटलं. आवाज थकलेला होता, वरचा सूर जरा फाटला. मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं.

घरी जाताना गाडी मी चालवत होते. चौधरीकाकांनी शाल आग्रहाने परत दिली होती, ती पांघरून ते शेजारी बसले होते. मी रडत रडत सांगून टाकलं की तुम्ही ओळख नको म्हणालात ते मी ऐकलं होतं, पण मला वाटलं तुम्ही रीत म्हणून नको म्हणताय.

त्यांनी शालीचं टोक गुडघ्यावर सारखं केलं. मग म्हणाले, "आमच्या गावात कोणी चहा विचारला तर तीनदा नको म्हणतात. चौथ्यांदा घेतात. पहिल्याच फटक्यात हो म्हटलं तर घरचं वळण नाही म्हणतात."

"मग?"

"मग चूक माझीच. मी एकदाच नको म्हटलं."

मला हसूही येईना, रडूही थांबेना. दाराशी उतरताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षी नारळ देऊ नका फक्त. मला तो फोडता येत नाही."

फिनिक्सची माहितीपत्रकं टेबलावरून गेली. मॉराने फोनवर मला विचारलं, "व्हॉट डिड यू डू टू हिम?" मी म्हटलं, सत्कार केला. पुढची बारा वर्षं ते फिरत होते. लायब्रऱ्या, चर्चचे हॉल, वृद्धांचे निवास, आणि दर दिवाळीला आमचं मंडळ. मी प्लेनोला गेले, लग्न, नोकरी, इरा. दिवाळीला फोन यायचा, कार्यक्रम कसा झाला ते सांगायला. साथीच्या दुसऱ्या हिवाळ्यात ते झोपेत गेले, इथेच, या घरात. मला जाता आलं नाही. पण माझ्याकडे खंत कमी आणि देणं जास्त आहे. घरापासून इतक्या लांब, ऐन पंचविशीत, मला एक काका मिळाला होता. किती जणांना मिळतो?

"कॅन आय हेल्प यू?" व्हरांड्यातून आवाज आला. एक तरुण बाई, हातात बागकामाचे मोजे. मी सांगितलं, मी पूर्वी इथे वर राहायचे.

"म्हणजे तुम्ही त्या गाणाऱ्या माणसाला ओळखायचात?" ती आत गेली आणि एक पाकीट घेऊन आली. "त्यांच्या नावाने अजून पत्रं येतात. मी परत पाठवते, पण हे चुकून उघडलं, आणि मग पाठवायला मन होईना. तुम्ही बघाल का?"

फिंटनकाका ईमेल वापरायचे नाहीत, त्यांना बोलवायचं तर पत्रच लिहावं लागायचं. दीड तासावरच्या एका वृद्धनिवासाचं पत्र होतं. साथीत बंद पडलेले कार्यक्रम पुन्हा सुरू करतोय, ऑक्टोबरमधला कुठलाही शनिवार चालेल, आमचे लोक तुमची अजून आठवण काढतात, कृपया नाही म्हणू नका. खाली फोन नंबर.

मी तिथेच कठड्यावर बसून फोन लावला. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंनीच उचलला. मी त्यांना सांगितलं.

"आम्हाला कोणी कळवलंच नाही," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "मागच्या वेळी ते आले ना, तेव्हा आमच्या शहाण्णव वर्षांच्या एक आजी पहिल्या रांगेत घोरत होत्या. आम्ही उठवायला गेलो तर फिंटननी हाताने थांबवलं. आणि उरलेला अख्खा शो कुजबुजत केला, त्यांची झोप मोडू नये म्हणून. ऐंशी म्हातारे लोक, तोंडावर हात दाबून..." पुढचं त्यांना सांगता येईना. त्या हसायला लागल्या. आवरायचा प्रयत्न करत होत्या, आवरत नव्हतं. "सॉरी," त्या म्हणाल्या, "सो सॉरी, तुम्ही ही बातमी देताय आणि मी हसतेय."

"हसा," मी म्हटलं. "थांबू नका. मी ऐकतेय."